पदवीपासून संशोधनापर्यंत : फिस्क व व्हँडरबिल्ट यांमधील सेतू

एखाद्या विद्याशाखेत पहिली संशोधनपदवी कोणास मिळाली याची नोंद इतिहासात सहज सापडते. दुसरी व्यक्ती तेथवर पोहोचण्यास किती काळ लागला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. एडवर्ड अलेक्झांडर बुशे यांनी १८७६ साली येल विद्यापीठाची पदार्थविज्ञानातील पीएच्.डी. पदवी संपादन केली. अमेरिकेतील विद्यापीठाकडून ही पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील दास्यविमोचकांना कृतज्ञतेने अर्पण केला, त्यास तेव्हा अवघी तीन वर्षे झाली होती. पदार्थविज्ञानातील पुढचे कृष्णवर्णीय पीएच्.डी. एल्मर सॅम्युएल इम्स यांना ती पदवी मिळाली १९१८ साली. मधली बेचाळीस वर्षे रिकामी का गेली, याचा विचार केल्यावाचून आजच्या सेतू-योजनांचे मर्म ध्यानात येणार नाही.

बुशे यांच्या पात्रतेविषयी शंका घेण्यास जागा नव्हती. परंतु त्या पात्रतेस साजेसे स्थान त्यांना कोठेही लाभले नाही. फिलाडेल्फिया येथील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत त्यांनी सव्वीस वर्षे अध्यापन केले. पुढे त्या शाळेने उच्च शिक्षणाची दिशा सोडून औद्योगिक शिक्षणाचा मार्ग धरला आणि १९०२ साली बुशे यांना ती सोडावी लागली. ज्याला प्रयोगशाळा नाही व संशोधन करणारे विद्यार्थी नाहीत, असा विद्वान आपली परंपरा निर्माण करू शकत नाही. पदवी एका व्यक्तीला मिळाली, पण तिच्यामागून येणाऱ्यांसाठी वाट तयार झाली नाही.

इम्स यांचा मार्ग निराळा होता. नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठ १८६६ साली, म्हणजे यादवी युद्ध संपताच, दास्यमुक्तांच्या शिक्षणासाठी स्थापन झाले होते. इम्स १९०३ साली तेथून पदवीधर झाले. काही वर्षे शिक्षकाचे काम करून त्यांनी फिस्क येथेच एम्. ए. चा अभ्यास पूर्ण केला आणि मग मिशिगन विद्यापीठात संशोधनासाठी प्रवेश केला. हायड्रोजन क्लोराइड व तत्सम वायूंच्या अवरक्त वर्णपटांचे त्यांनी केलेले सूक्ष्म मापन १९१९ साली प्रसिद्ध झाले. रेणूंच्या परिभ्रमणासही पुंजवाद लागू पडतो, याचा हा एक आरंभीचा प्रायोगिक पुरावा होय. असे असूनही विद्यापीठातील अध्यापनासाठी ते १९३० साली परतले ते फिस्क येथेच. पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुखपद त्यांनी तेथे सांभाळले.

त्याच नॅशव्हिल नगरात, फिस्कपासून सुमारे दोन मैलांवर, व्हँडरबिल्ट विद्यापीठ उभे आहे. त्याची स्थापना १८७३ सालची. १९५३ पर्यंत तेथे एकाही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास प्रवेश नव्हता. २००४ साली या दोन संस्थांनी मिळून एम्. ए. समकक्ष पदवीपासून पीएच्.डी. पर्यंत नेणारी सेतू-योजना सुरू केली, तेव्हा ते दोन मैलांचे अंतर प्रथमच पद्धतशीरपणे ओलांडले गेले. योजनेतील विद्यार्थी फिस्क येथे दोन वर्षे अभ्यास व संशोधन करतो. याच काळात व्हँडरबिल्टचे अध्यापक त्याला शिकवतात, प्रयोगशाळेत त्याचे काम पाहतात व त्याचे मार्गदर्शन करतात. त्यामुळे पीएच्.डी. च्या प्रवेशाचा प्रश्न येतो तेव्हा तो अनोळखी उमेदवार राहिलेला नसतो. इम्स यांनी एकट्याने आक्रमिलेल्या मार्गास येथे संस्थात्मक रूप मिळाले, असे म्हणता येईल.

अमेरिकन फिजिकल सोसायटीने २०१२ साली हीच कल्पना देशव्यापी केली. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व मूलनिवासी विद्यार्थ्यांचे प्रमाण पदार्थविज्ञानाच्या पदवीधरांत जेवढे होते, त्याच्या जवळजवळ निम्मेच ते पीएच्.डी. धारकांत उरत होते. गळती होत होती ती या दोन टप्प्यांच्या मध्ये. तिचे एक कारण प्रवेशाच्या रीतीत होते. अनेक विभाग जी. आर. ई. परीक्षेतील ठरावीक गुणांखालचे अर्ज वाचतही नसत. या परीक्षेवरून संशोधनक्षमता कितपत कळते, हा प्रश्न २०१४ नंतर उघडपणे चर्चिला गेला. त्याविषयीचे निष्कर्ष वादग्रस्त राहिले. तथापि अनेक विभागांनी ती अट काढून टाकली.

अशा योजनांमुळे विद्येची प्रत खालावते, हा आक्षेप जुनाच आहे. त्याचा निर्णय योजनेच्या रचनेवरूनच करावा लागतो. सेतूवरून आलेल्या विद्यार्थ्याला व्हँडरबिल्ट येथे इतरांप्रमाणेच परीक्षा द्याव्या लागतात, आणि त्याच्या प्रबंधाचे परीक्षणही त्याच निकषांनी होते. बदलते ती प्रवेशाची वाट. अंतिम मापदंड बदलत नाही. अधिक कठीण प्रश्न कायद्याचा आहे. २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठप्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. तेव्हापासून, विशिष्ट समाजगटांचे नाव घेऊन उभ्या राहिलेल्या योजनांना आपली पात्रता कोणत्या शब्दांत मांडावी याचा नव्याने विचार करणे भाग पडले.

या सर्व इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विद्यार्थ्याची पूर्वतयारी करून घेणे हे सेतू-योजनेचे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे काम त्याला स्वीकारणाऱ्या संस्थेचे असते. बुशे यांची तयारी पूर्ण होती, परंतु पैलतीरावर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. फिस्क व व्हँडरबिल्ट यांच्या उपक्रमाचे महत्त्व यातच आहे की, तेथे दुसऱ्या तीरानेही आपले उत्तरदायित्व मान्य केले.