काडतुसाचा हिशेब

मंडळी, काडतूस म्हटलं की आपल्याला १८५७ साल आठवतं. ते काडतूस कागदाचं होतं. दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि वरून गोळी ठासायची. आजची गोष्ट त्यानंतरच्या पितळी काडतुसाची आहे, आणि ती घडली अमेरिकेतल्या मोठ्या गवताळ माळावर. तिथले शिकारी आपली काडतुसं आपल्याच हातांनी भरीत. त्या भरण्यात हिशेब मोठा काटेकोर होता. पण तो हिशेब कुठं येऊन थांबला, हे पाहण्यासारखं आहे.

पितळी काडतुसाची अंगं चार. पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी शिशाची गोळी. चाप ओढला की टोपीवर घाव बसतो, दारू पेटते आणि तिच्या वायूच्या दाबानं गोळी सुटते. दारू संपते, गोळी जाते. पितळेची नळकांडी मात्र शाबूत राहते. दुकान शेकडो मैल दूर असलेला शिकारी ती फेकून कशी देईल? तो ती धुऊन पुन्हा भरायचा.

आता वजनाचं पाहा. १८७३ साली अमेरिकन सैन्यानं एक काडतूस घेतलं. त्याचं नाव पंचेचाळीस-सत्तर. नळीचा व्यास इंचाचे पंचेचाळीस शतांश आणि दारू सत्तर ग्रेन, असा त्या नावाचा अर्थ. ग्रेन म्हणजे मूळचा धान्याचा दाणा. आपला तोळा १८० ग्रेनांचा आणि ९६ गुंजांचा. म्हणजे सत्तर ग्रेन दारू सुमारे सदतीस गुंजा भरली. त्यातली गोळी ४०५ ग्रेनांची, म्हणजे बरोबर सव्वादोन तोळे. एका पौंडात ७००० ग्रेन. तेव्हा पौंडभर दारूत शंभर बार झाले. गुरुजींनी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. बायसन मारणारे शिकारी पुष्कळदा याहून मोठी, नव्वद ग्रेनांची आणि त्याहीपेक्षा जड भरणीची काडतुसं वापरीत. त्यांची आवडती बंदूक शार्प्स कंपनीची होती.

दिवसभर बार काढून झाले की रात्री तळावर हे काम चाले. शिशात थोडं कथील मिसळून साच्यात गोळ्या ओतायच्या. जुनी टोपी काढायची, काजळी धुवायची, नळकांडीचं तोंड पुन्हा मापात आणायचं. नवी टोपी बसवायची, मापानं दारू घालायची आणि गोळी दाबून बसवायची. पुष्कळ जण गोळीला कागद गुंडाळीत, म्हणजे रायफलीच्या नळीतल्या पिळाच्या खाचांत शिसं चिकटून बसत नसे.

पण आपल्या बंदुकीला नेमकं काय मानवतं, हे कसं कळावं? त्याला उपाय एकच. एकाच भरणीचे चार-पाच बार एका खुणेवर काढायचे आणि भोकं जवळजवळ पडतात की पांगतात ते पाहायचं. मग दारू थोडी कमी-जास्त करायची, किंवा गोळी बदलायची. मात्र एका वेळी एकच गोष्ट. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आणि दोष कशाचा, ते समजायचं नाही. शाळेतल्या प्रयोगाचा नियम तरी याहून निराळा कुठं आहे?

आता हे शास्त्र कशापायी खर्ची पडलं ते ऐका. बायसन म्हणजे खांद्यावर मोठा उंचवटा असलेलं, दाट केसांचं रानबैलासारखं जनावर. आपल्या दाजीपूरच्या गव्यालाही इंग्रज शिकारी बायसनच म्हणत, पण हे जनावर वेगळं. एके काळी त्यांची संख्या दोन-तीन कोटी असावी असा अंदाज आहे. १८७१ च्या सुमारास त्यांच्या कातड्याला कारखान्यांतून मोठी मागणी आली, आणि १८७२ मध्ये रेल्वे कॅन्ससमधल्या डॉज सिटीपर्यंत पोचली. कातडी न्यायला गाडी मिळाली, तसे शिकारी माळावर उतरले. वारा आपल्याकडे येईल अशा जागी दबून बसायचं आणि आधी कळपाची म्होरकी गाय पाडायची. बाकीची जनावरं गोंधळून तिथंच घुटमळत. एका जागेवरून एकामागून एक जनावर लोळवता येई. नेम चुकत नसे, कारण भरणी पारखून घेतलेली असे.

कातडं सोलून घेत. मांस बहुतेक माळावरच सडे. पुढे हाडंसुद्धा गोळा करून खतासाठी विकली गेली. दक्षिणेकडचे कळप १८७८ च्या सुमारास संपले, उत्तरेकडचे १८८३ पर्यंत. कोमांची, कायोवा, शायेन, लाकोटा या मूळच्या लोकांचं अन्न, वस्त्र आणि तंबू सारं या जनावरावर चाले. कळप गेले तसे त्यांचे उपासमारीचे दिवस आले. १८७४ साली परक्यांनी माद्या मारू नयेत असा ठराव तिथल्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला होता. अध्यक्ष ग्रँट यांनी त्यावर सही केली नाही.

१८८६ साली विल्यम हॉर्नडे हे गृहस्थ संग्रहालयासाठी नमुने आणायला माँटानात गेले. उरलेली जनावरं इतकी थोडी पाहून त्यांना धक्का बसला. त्यांचा अहवाल १८८९ साली निघाला. त्यात रानातली आणि पाळलेली मिळून हजाराच्या आसपासच जनावरं भरली. पुढे हॉर्नडे यांनीच रक्षणाची चळवळ उभारली. त्या मूठभर जनावरांपासून वंश पुन्हा वाढला, आणि २०१६ साली बायसन अमेरिकेचं राष्ट्रीय सस्तन जनावर ठरलं. आपल्याकडेही १९७२ च्या कायद्यानं रानच्या जनावरांना छत्र मिळालं आहे.

मंडळी, त्या शिकाऱ्याकडे ग्रेनभराचा फरक दाखवणारा तराजू होता. बार किती काढायचे, याचं माप मात्र त्याच्याकडे नव्हतं, आणि त्याला कातड्याचे पैसे मोजणाऱ्या बाजाराकडेही नव्हतं. मुलांना वजनमापं शिकवताना ही गोष्टही त्यांना सांगा.