एरियन-५ चे पहिले उड्डाण आणि संख्याप्रकारांचे रूपांतर

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून झेपावलेला युरोपचा एरियन-५ हा अग्निबाण उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाला. क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रहही त्यासोबत गेले.

जाक-लुई लियोंस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने जुलै १९९६ मध्ये कारण स्पष्ट केले. क्षैतिज वेगाशी निगडित एक ६४ बिटांची फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात रूपांतरित होत होती. अशा पूर्णांकाची कमाल मर्यादा ३२,७६७. मूल्य तिच्या पलीकडे गेले आणि दिशादर्शक संगणक थांबला. राखीव संगणकात तीच आज्ञावली असल्याने तोही क्षणभर आधीच थांबला होता.

याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. धोका संभवणाऱ्या सात चलांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते. संगणकावरील भार ८० टक्क्यांच्या आत राखण्यासाठी उरलेली तीन विचारपूर्वक मोकळी सोडली गेली. एरियन-४ च्या बाबतीत तो हिशेब बरोबरच होता. तीच आज्ञावली एरियन-५ मध्ये घेताना मात्र नव्या उड्डाणमार्गावरील कितीतरी अधिक क्षैतिज वेग पडताळला गेला नाही. विशेष म्हणजे, एरियन-५ ला उड्डाणानंतर त्या गणनेची गरजच नव्हती!

मोबाइल उपयोजनांच्या भाषांत या प्रश्नाला एकच उत्तर नाही. स्विफ्टमध्ये ४०,०००.० हे मूल्य १६ बिटांच्या पूर्णांकात बदलू पाहिल्यास आज्ञावली तत्क्षणी बंद पडते; जावामध्ये तेच रूपांतर कोणतीही सूचना न देता –२५,५३६ हे उत्तर देते.