टास्मानियाचा वाघ आणि सरकारची वही

इतिहास म्हणजे राजांच्या लढाया आणि तहनामे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु एखादी प्राणिजात पृथ्वीवरून नाहीशी होते, तोही इतिहासच होय. आणि कधीकधी त्याचे कागदपत्र एखाद्या तहनाम्याइतके स्पष्ट सापडतात.

ऑस्ट्रेलिया खंड कोट्यवधी वर्षे इतर भूभागांपासून अलग राहिले. त्यामुळे पिलांना पोटाच्या पिशवीत वाढवणाऱ्या प्राण्यांचे तेथे निराळेच राज्य नांदले. आपल्याकडे रानात जी जागा हरणाची, ती तेथे कांगारूची. आणि लांडग्याची जागा होती थायलसीनची. अंगलट कुत्र्यासारखी, पाठीवर वाघासारखे पट्टे आणि पोटाला पिशवी, असे त्याचे रूप. मुख्य भूमीवरून तो सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी नष्ट झाला. टास्मानिया बेटावर मात्र तो टिकून राहिला.

१८०३ साली इंग्रजांनी या बेटावर वसाहत केली. मूळ रहिवाशांची वाताहत झाली आणि त्यांच्या भूमीवर मेंढ्यांचे कळप चरू लागले. मेंढ्या मरत, त्याला कारणे अनेक होती. मोकाट कुत्री होती, चोर होते, कळपांची हेळसांडही होती. परंतु दोष आला या पट्टेवाल्या प्राण्याच्या माथी. लोकरीचा व्यापार करणाऱ्या एका कंपनीने १८३० मध्येच त्याच्या शिरावर इनाम लावले. पुढे सरकारी इनामाचा प्रस्ताव १८८६ साली विधिमंडळात आला आणि अवघ्या एका मताने संमत झाला. मोठ्या जनावरास एक पौंड, पिलास दहा शिलिंग, असा दर ठरला.

१८८८ पासून १९०९ पर्यंत २१८४ इनामे वाटली गेली. आता त्या वहीतले आकडे पाहा. १९०० साली १५३, १९०६ साली ५८, १९०८ साली १७, आणि १९०९ साली केवळ २! एवढ्यावरून कोणाही शहाण्या माणसाने ओळखावे की, जनावर संपत आले आहे. वही लिहिणारा कारकून होता. ती वाचून विचार करणारा कोणी नव्हता. यानंतर उरलेसुरले प्राणी सापळ्यांत, रोगराईत आणि प्राणिसंग्रहालयांच्या मागणीत खपले.

अखेर १० जुलै १९३६ रोजी सरकारने थायलसीनला कायद्याचे संरक्षण दिले. त्यानंतर एकोणसाठ दिवसांनी, ७ सप्टेंबरला, होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातील शेवटचा ज्ञात थायलसीन मरण पावला. बैल गेला आणि झोपा केला, ही आपली म्हण याहून अधिक कोठे लागू पडावी?

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. या शेवटच्या प्राण्याचे कातडे व सांगाडा संग्रहालयात पोहोचला होता. परंतु बेकायदा फासात धरलेल्या जनावराची रीतसर नोंद कोण करणार? ते कातडे शाळकरी मुलांना दाखवण्यासाठी गावोगाव हिंडले, आणि ते कोणाचे हे २०२२ साली उमगले. मारलेल्या दोन हजारांवर प्राण्यांचा हिशेब पैशापर्यंत चोख, आणि शेवटच्याची ओळही नाही!

पुढे २०११ साली संशोधकांनी त्याच्या जबड्याची ताकद तपासली. तो मोठी मेंढी मारण्याजोगा नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. म्हणजे शिक्षा आधी झाली आणि चौकशी शंभर वर्षांनी. ऑस्ट्रेलियात १९९६ पासून ७ सप्टेंबर हा संकटग्रस्त प्राण्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी स्मरण थायलसीनचे होते. परंतु जे अद्याप जिवंत आहेत त्यांचे उतरते आकडे वेळीच वाचणे, हेच त्या स्मरणाचे खरे प्रयोजन होय.