पाठीवरचं तिसरं इंजिन

भिलाईच्या पोस्टिंगमध्ये संध्याकाळचा चहा सिविक सेंटरला, हे आता ठरून गेलंय. तिथेच एक मराठी काका भेटले. मूळचे वर्ध्याकडचे, हवाई दलात इंजिन फिटर होते, मुलाच्या नोकरीमुळे इथे स्थायिक. मी फौजी आहे म्हटल्यावर पहिलाच प्रश्न :

"लेहला कशानं गेले होते, सुभेदार साहेब?"

"एएन-३२ नं, काका."

"म्हणजे आमच्या पॅकेटच्या नंतरचे तुम्ही."

पॅकेट म्हणजे फेअरचाइल्ड सी-११९. हे अमेरिकन मालवाहू विमान आपल्याकडे १९५४ पासून येऊ लागलं. दोन इंजिनं, दोन शेपट्या, मध्ये डब्यासारखं पोट. इंजिन राइट आर-३३५०, अठरा सिलिंडरचं. याच घराण्यातली इंजिनं दुसऱ्या महायुद्धात बी-२९ वर तापून पेट घ्यायची, म्हणून बदनाम. एका सिलिंडरला दोन प्लग, एका इंजिनाला छत्तीस, विमानाला बहात्तर. काकांच्या बोटांच्या सांध्यांवर त्या बहात्तर प्लगांच्या खुणा अजून आहेत.

मैदानी भागात दोनातलं एक इंजिन गेलं तर विमान दुसऱ्यावर कसंबसं घरी येतं. हिमालयात हवा विरळ, इंजिनाची ताकद आधीच घटलेली. तिथे एक बंद पडलं की उरलेलं इंजिन भरलेल्या विमानाला उंची राखू देत नाही, आणि दोन्ही बाजूंना डोंगर. ६२ च्या आसपास लडाखला रोज माल पोचवायचा तो याच विमानांनी. उपाय काय काढला? विमानाच्या पाठीवर तिसरं, छोटं जेट इंजिन बसवलं. आधी अमेरिकन जे-३४, पुढे एचएएलनं ऑर्फियस, म्हणजे नॅट लढाऊ विमानाचं इंजिन. बैलगाडीला मोटारीचं इंजिन लावावं तसा प्रकार दिसायचा, पण त्यानं माणसं वाचवली. १९६२ मध्ये स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट थेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं. उंची १६,६१४ फूट! तिथे पुन्हा हवाई दलाचं विमान उतरलं ते ४३ वर्षांच्या खंडानंतर, २००८ मध्ये. विमान एएन-३२, आणि ते चालवत होते ग्रुप कॅप्टन चाफेकर. दोन्ही नावं वाचून मराठी माणसाचे कान टवकारतातच.

एएन-३२ आपल्याकडे १९८४ पासून. उष्ण हवा आणि उंच धावपट्ट्या डोळ्यांसमोर ठेवूनच ते बनवलेलं, त्यामुळे इंजिनं पंखांच्या वर आणि दांडगी. भिलाईचा कारखाना सोव्हिएत मदतीनं उभा राहिला, हे विमानही तिथलंच. सोव्हिएत संघ फुटला आणि सुट्या भागांचा पत्ता युक्रेन झाला. २००९ मध्ये तिथेच नूतनीकरणाचा करार झाला. २०१४ पासून तिकडे लढाई, आणि भागांची वाट बघणं आलं.

जुन्या विमानात काय बिघडतं हे आम्ही मागे बसणारेही थोडं शिकतो. एकदा अशाच एका म्हाताऱ्या मालवाहू विमानात (कुठलं, कुठून, ते सोडा) छतातून हायड्रॉलिक तेल टपकू लागलं. लोडमास्टरनं शांतपणे खाली मग ठेवला, कॉकपिटमध्ये जाऊन आला, आणि विमान वळलं. कुणी काही बोललं नाही. परत उतरल्यावर मग अर्धा भरला होता.

हे काकांना सांगितलं, तर ते हसले नाहीत. "तेल दिसते साहेब. आवाज ऐकू येते. जे दिसत नाही त्याचं काय?"

त्यांचा रोख मला कळला. २२ जुलै २०१६ ला सकाळी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर रडारवरून नाहीसं झालं. आत २९ जण, त्यात एक मराठी मुलगाही. पाण्याखालून आवाज देणारा बीकन त्या विमानावर नव्हता, हे तेव्हाच बातम्यांत आलं होतं. साधा आपत्कालीन बीकन धडक बसली की रेडिओ संकेत पाठवतो, पण रेडिओ लहरी खोल पाण्यातून वर येत नाहीत. तिथे ध्वनीच लागतो. अवशेष सापडल्याची घोषणा झाली जानेवारी २०२४ मध्ये, ३,४०० मीटर खोलीवर. साडेसात वर्षं घरच्यांनी काय धरून काढली असतील?

३ जून २०१९ ला जोरहाटहून मेचुकाला निघालेलं दुसरं एएन-३२. १३ जण. हे तर जमिनीवर पडलेलं, तरी अवशेष दिसायला ११ जून उजाडला, तेही हेलिकॉप्टरमधल्या डोळ्यांना. बीकन जुन्या जातीचा, ज्याचं उत्पादनच कधीचं बंद झालेलं, असं वृत्तपत्रांनी लिहिलं. दाट जंगल, ढग, १२,००० फुटांचा कडा; बीकन चांगला असता तरी त्या १३ जणांतलं कुणी वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. पण आठ दिवस?

माझं मत असं की, इंजिनाची भीती सगळ्यांना वाटते, म्हणून त्यासाठी पैसा आणि अक्कल दोन्ही लागतात. पाठीवर तिसरं इंजिन बसतं. बीकन म्हणजे डब्याएवढी वस्तू. ती वर्षानुवर्षं काहीच करत नाही, त्यामुळे ती बिघडली की नाही हेही कळत नाही.

काकांनी चहाचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "तुमच्या त्या तेलवाल्या विमानात बीकन कुठं बसवला होता?"

लेह, थॉइस, ईशान्य... किती फेऱ्या झाल्या ते मोजलेलं नाही. मगातलं तेल कितपत चढलं होतं ते आजही सांगू शकतो. बीकनकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.