वनस्पतीची पेशी आधी सापडली, माणसाची इतकी उशिरा का?

१६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूकचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बुचाच्या पातळ कापात सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या कप्प्यांना त्याने त्यात ‘सेल’, म्हणजे लहानशी खोली, असे नाव दिले. त्या खोल्यांतला जीव केव्हाच गेला होता. उरल्या होत्या त्या नुसत्या भिंती.

पुढचा सारा घोळ या भिंतीचा आहे. वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची ताठ भित्तिका असते. माणसाच्या पेशीला ती नसते, असते ते केवळ अतिसूक्ष्म पटल. हरितलवके आणि मोठी रिक्तिका हे भेद शालेय पुस्तकांत असतातच. इतिहासाच्या दृष्टीने निर्णायक ठरली ती भित्तिका. जुन्या भिंगांतून ती ठळक दिसे, पटल मुळीच दिसत नसे. रक्तातले तांबडे कण सतराव्या शतकातच पाहिले गेले होते, परंतु ते ‘कण’च राहिले.

१८३१ साली रॉबर्ट ब्राउनने ऑर्किडच्या पेशींतील ठिपक्याला ‘केंद्रक’ हे नाव दिले आणि भिंतीखेरीज दुसरी एक खूण हाती आली. १८३७ साली बर्लिनमध्ये एका भोजनप्रसंगी वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेन या केंद्रकाविषयी बोलत होता. समोर बसलेल्या थिओडोर श्वानला आठवले, की बेडकाच्या पिल्लांच्या पृष्ठरज्जूत आपण अगदी असेच काही पाहिले आहे. दोघेही तडक प्रयोगशाळेत गेले. यात नशिबाचाही भाग होता: पृष्ठरज्जूच्या पेशी मोठ्या, दाटीने रचलेल्या आणि दिसायला वनस्पतीच्या पेशींसारख्याच असतात. श्वानने त्या दिवशी मेंदूचा काप आठवला असता, तर साम्य इतक्या सहज पटले नसते.

१८३९ च्या ग्रंथात श्वानने प्राणी व वनस्पती यांची घडण एकाच घटकाची असल्याचे मांडले. तरीही पेशी म्हटली की तिला भिंत हवी, या समजुतीतून तो सुटला नाही. १८६१ साली माक्स शुल्त्से याने केंद्रक असलेला जीवद्रव्याचा गोळा म्हणजे पेशी, अशी व्याख्या केली, तेव्हा कुठे भिंत अनावश्यक ठरली.

इंग्रजी नाव मात्र खोलीचेच राहिले. मराठीत नेमके उलट घडले. ‘पेशी’ हा शब्द मुळात मांसाचा; सुश्रुतसंहितेत मानवी शरीरातील पेशी ५०० सांगितल्या आहेत, त्या या अर्थाने. बुचाच्या कप्प्यालाही आपण आज तेच नाव देतो.