घाशीरामाची कोठडी : अटक, प्रतिकार आणि बळाची मर्यादा (थ्रेड)

१/ कसबा पेठ म्हणजे पुण्याचे मूळ गावठाण. अठराव्या शतकात याच कसब्याभोवती नवनव्या पेठा वसत गेल्या आणि पुणे हे पेशव्यांच्या राजधानीचे शहर झाले. या वाढत्या वस्तीत रात्रीचा पहारा, चोरांचा शोध, परक्या माणसांची नोंद आणि बाजारातील शिस्त ही कामे कोतवालाकडे होती.

२/ रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात सापडलेल्या माणसास धरले जाई आणि त्याची रात्र चावडीत जाई. व्यवस्था कडक होती. परंतु धरलेल्या माणसावर किती बळ वापरावे आणि ते कोठे थांबवावे, याचे उत्तर बव्हंशी कोतवालाच्या मर्जीवर अवलंबून होते.

३/ १७७७ मध्ये हे पद घाशीराम सावळदास याच्याकडे आले. नाना फडणवीसांचा कारभार आणि त्यांचा वरदहस्त यांमुळे त्याची सत्ता चौदा वर्षे टिकली. विजय तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकाने हे नाव घरोघरी पोहोचवले. पण नाटकातील घाशीराम वेगळा आणि इतिहासातील वेगळा.

४/ ऑगस्ट १७९१. श्रावणातील दक्षिणेसाठी दूरदेशीचे ब्राह्मण पुण्यात येत. अशाच तेलंगी ब्राह्मणांचा एक जमाव शहराच्या पूर्वेकडील घाशीरामाच्या बागेत उतरला. तेथील फळे-कणसे तोडल्यावरून तंटा झाला आणि कोतवालाच्या माणसांनी त्यांना पकडले.

५/ धरपकडीच्या वेळी झटापट झाली असेल, तर तेवढ्यापुरते बळ समजण्याजोगे होते. पण पुढे जे घडले ते झटापटीत घडलेच नाही. पकडलेल्यांना एका अरुंद, कोंदट जागेत कोंडून दाराला कुलूप घातले गेले. कुलूप लागताच प्रतिकाराचा प्रश्न संपला होता. आत वीसहून अधिक माणसे गुदमरून मेली.

६/ मानाजी फाकडे याने कुलूप तोडून उरलेल्यांना बाहेर काढले आणि वार्ता पेशव्यांपर्यंत गेली. ते लोक चोर होते, असा बचाव घाशीरामाने केल्याचे वृत्तांतांत येते. ‘चोर’ हा एक शब्द उच्चारला की मृत्यूचा हिशेब द्यावा लागणार नाही, ही समजूत त्या बचावामागे होती.

७/ शहर खवळले. ब्राह्मणांचा जमाव न्यायासाठी अडून बसला आणि अखेर घाशीराम जमावाच्या हवाली झाला. ३१ ऑगस्ट १७९१ रोजी त्याला दगडांनी ठेचून मारण्यात आले. बांधलेला, प्रतिकार करू न शकणारा माणूस या वेळी कोतवाल स्वतः होता. मर्यादा कोतवालाने पाळली नव्हती. जमावानेही पाळली नाही.

८/ पुढे इंग्रजी अमलात ही मर्यादा कागदावर आली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६ सांगते : आरोपी बळाने अटकेस विरोध करीत असेल किंवा निसटू पाहत असेल, तर पोलीस आवश्यक ते सर्व उपाय योजू शकतात. परंतु ज्याच्यावरील गुन्ह्यास फाशी किंवा जन्मठेप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार हे कलम देत नाही. निसटून जाऊ नये यासाठी लागतो त्याहून अधिक जाच अटकेतील माणसास करू नये, असेही त्याच संहितेत आहे.

९/ स्वतंत्र भारतात १९७३ च्या संहितेने हाच नियम त्याच क्रमांकाने ठेवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम ४३ मध्ये आहे.

१०/ नियम असूनही प्रश्न मिटला नाही. १९९५ ते १९९७ या काळातील मुंबई पोलिसांच्या ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यावरील याचिकेचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १६ सूचना घालून दिल्या. गुन्हा नोंदवावा, तपास स्वतंत्र यंत्रणेने करावा, प्रत्येक मृत्यूची दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी व्हावी, या त्यांतील प्रमुख होत.

११/ या सूचनांचा आशय १७९१ च्या पुण्याला लावून पाहावा. प्रतिकार होता काय? तो केव्हा संपला? त्यानंतरही बळ का चालू राहिले? आणि याची चौकशी कोणी करायची, कोतवालाने की दुसऱ्या कोणी? हे प्रश्न वेळीच विचारणारी यंत्रणा असती, तर मानाजीला कुलूप तोडावे लागले नसते आणि जमावाला दगड उचलण्यास निमित्तही उरले नसते.