‘ल’ अक्षराने संपणारी ख्रिस्ती नावे : उगम आणि अर्थ

घरात बाळ जन्माला आले की नावाचा शोध सुरू होतो. आजी-आजोबांना घराण्यातील जुने नाव पुढे चालावे असे वाटते, तर तरुण आईवडिलांना सुटसुटीत आणि नवे नाव हवे असते. नावाचे पहिले अक्षर ठरवून शोध घेण्याची रीत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. या लेखात आम्ही शेवटच्या अक्षराचा विचार करीत आहोत. मायकल, गॅब्रिएल, रफाएल, डॅनिएल, सॅम्युएल ही नावे आपल्या धर्मग्रामांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवली जातात. ती सारी ‘ल’ने संपतात आणि त्यांच्या अर्थाचे मर्म नेमके या शेवटच्या उच्चारातच आहे.

हिब्रू भाषेत ‘एल’ म्हणजे देव. प्राचीन इस्राएली लोक मुलाच्या नावात देवाविषयीचे एक छोटेसे विधानच करीत असत. त्यामुळे यांतील बहुतेक नावे वाक्यांसारखी वाचता येतात.

तीन महादूत

मायकल (मिखाएल) : ‘देवासारखा कोण आहे?’ मि म्हणजे कोण, खा म्हणजे सारखा, एल म्हणजे देव. नावातच एक प्रश्न आहे आणि ‘कोणीही नाही’ हे त्याचे उत्तर आहे. दानिएलच्या ग्रंथात आणि प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात मिखाएलाचा उल्लेख येतो. पोर्तुगीज भाषेतील ‘मिगेल’ हे याच नावाचे रूप. वसईतील माणिकपूर, मुंबईतील माहीम आणि गोव्यातील हणजुणे येथील चर्च याच महादूताला समर्पित आहेत.

गॅब्रिएल : ‘देव माझे सामर्थ्य’ किंवा ‘देवाचा वीर’. पवित्र मरियेला प्रभूच्या जन्माचा संदेश देणारा हाच देवदूत. संदेशवहनाच्या या कार्यामुळेच पोप बारावे पायस यांनी 1951 साली त्याला दूरसंचार क्षेत्राचा आश्रयदाता घोषित केले.

रफाएल : ‘देव बरे करतो’. तोबितच्या ग्रंथात रफाएल तरुण तोबियाचा सोबती होऊन दूरचा प्रवास करतो आणि त्याच्या अंध पित्याला दृष्टी परत मिळवून देतो. हा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये समाविष्ट आहे.

या तिन्ही महादूतांचा सण 29 सप्टेंबर रोजी येतो. 1969 साली उपासना दिनदर्शिकेची पुनर्रचना होण्यापूर्वी गॅब्रिएलचा सण 24 मार्चला आणि रफाएलचा 24 ऑक्टोबरला असे. जुन्या पिढीतील काहींना त्यामुळेच हे दिवस आठवतात.

संदेष्टे आणि शिष्य

सॅम्युएल (शमुवेल) : ‘देवाचे नाव’ असा अर्थ दिला जातो, ‘देवाने ऐकले’ असाही लावला जातो. अपत्यासाठी मंदिरात अश्रू ढाळणाऱ्या हन्नाने आपल्या मुलाला हे नाव दिले.

डॅनिएल (दानिएल) : ‘देव माझा न्यायाधीश’. दानिएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात खोट्या आरोपात अडकलेल्या सुसान्नाला तरुण दानिएल न्याय मिळवून देतो. तेथे नाव आणि कृती एक होतात. आफ्रिकेत सेवा करणारे बिशप संत डॅनिएल कोंबोनी (सण 10 ऑक्टोबर) यांना 2003 साली संतपद देण्यात आले.

जोएल (योएल) : ‘यहोवा हाच देव’. या इवल्याशा नावात देवाची दोन नावे आहेत. हेच दोन भाग उलट क्रमाने जोडले की ‘एलिया’ होते.

इझिकिएल (यहेज्केल) : ‘देव बळ देतो’. बाबेलमधील बंदिवासात खचलेल्या लोकांना धीर देणारा हा संदेष्टा.

नथानिएल (नथनेल) : ‘देवाने दिलेला’. योहानच्या शुभवर्तमानातील या शिष्याला परंपरा प्रेषित बार्थोलोम्यू मानते (सण 24 ऑगस्ट). आपल्या भाषेतील ‘देवदत्त’ या नावाचा अर्थ अगदी हाच.

इम्मानुएल : ‘देव आम्हांसोबत’. यशयाच्या भविष्यवाणीतील हे नाव मत्तय प्रभू येशूला लावतो आणि त्याचा अर्थही सांगतो. मॅन्युएल हे त्याचेच संक्षिप्त रूप आहे.

सारखा शेवट, निराळा अर्थ

शेवटी ‘ल’ आला म्हणजे प्रत्येक वेळी तो ‘एल’च असतो असे नाही. रेचल (राहेल) म्हणजे मेंढी. मेंढपाळांच्या समाजात हे कौतुकाचे नाव होते. आबेल (हाबेल) या नावाचा हिब्रू शब्द श्वास किंवा वाफ असा अर्थ सुचवितो. कार्मेल म्हणजे फळबाग. कार्मेल मातेचा सण 16 जुलैला असतो. पॉल हे लॅटिन नाव असून त्याचा अर्थ ‘लहान’. बेसिल म्हणजे राजाला साजेसा आणि सिरिल म्हणजे स्वामीसंबंधी. ही दोन्ही नावे ग्रीक आहेत. नोएल हे नाताळाचे फ्रेंच नाव. ते जन्मवाचक लॅटिन शब्दापासून आले.

इझाबेल या नावाची गंमत वेगळीच. ते एलिझाबेथचे युरोपातील रूपांतर आहे. एलिझाबेथ म्हणजे ‘माझा देव हीच माझी शपथ’. म्हणजे येथे देववाचक ‘एल’ मूळ नावाच्या आरंभी होता. शेवटचा ‘ल’ नंतरचा.

भारतीय नावे चालतात का?

हा प्रश्न पालक अनेकदा विचारतात. 1917 च्या धर्मविधिसंहितेनुसार ख्रिस्ती नाव देण्याचा आग्रह होता. पालक तयार नसतील तर धर्मगुरू संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहीत. 1983 च्या संहितेतील कलम 855 एवढेच सांगते की ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव देऊ नये. याची काळजी पालक, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी. त्यामुळे निर्मल किंवा विमल या नावांना कोणतीच अडचण नाही. दोन्हींचा अर्थ ‘मलरहित’ असा असून डोंगरावरील प्रवचनात प्रभूने अंतःकरणाच्या शुद्धतेला धन्य म्हटले आहे.

एक व्यावहारिक सूचना. एकाच नावाची मायकल, मायकेल, मिखाएल अशी अनेक रूपे असतात. जन्मदाखला आणि स्नानसंस्काराची नोंद यांत एकच रूप लिहावे. पुढे विवाहाच्या वेळी कागदपत्रे जुळविताना होणारा त्रास त्यामुळे टळतो.

हाक मारताना

नाव ठेवण्याइतकेच ते उच्चारणेही महत्त्वाचे आहे. घरात मायकलचा माइक होतो, डॅनिएलचा डॅनी, सॅम्युएलचा सॅम. लाडाची हाक वाईट नाही. परंतु या प्रत्येक हाकेत गळतो तो नेमका ‘एल’. डॅनिएलमधून देव वगळला की केवळ न्यायाधीश उरतो! मॅन्युएलच्या बाबतीत उलटे घडले आहे: हिब्रूत ‘सोबत’ या अर्थाचा पहिला ‘इम्’ गळाला, देव मात्र राहिला.

म्हणून आम्ही पालकांना सुचवितो की, बाळाच्या स्नानसंस्काराच्या दिवशी जमलेल्या आप्तांना नावाचा अर्थ सांगावा, आणि मूल मोठे झाल्यावर त्यालाही तो समजावून द्यावा. वर्षातून निदान एकदा, त्याच्या संताच्या सणाला, त्याला संपूर्ण नावाने हाक मारावी. मंदिरात झोपलेल्या लहानग्या शमुवेलाला देवाने रात्री हाक मारली, तीही नावानेच.